यिशुनमधला गोठलेला तलाव

आमचे घरमालक जमीन छत्रीनं ठोकत चालायचे. दोन ठोके, मग पाऊल. दोन ठोके, मग पाऊल. वय झालं होतं म्हणून नव्हे, गुडघे त्यांचे माझ्यापेक्षा धड होते. सिंगापूरमधल्या यिशुनच्या त्या ब्लॉकच्या आठव्या मजल्यावरचा कॉरिडॉर सिमेंटचा, चांगला भक्कम, शेजारची पोरं त्यावरून सायकली दामटायची. पण काका लिफ्टमधून बाहेर पडले की दारापर्यंत ठोकत येणार. पहिल्याच आठवड्यात मी काकूंना विचारलं, "काकांना दिसायला त्रास होतो का हो?"

काकू मेथी निवडत होत्या. "दिसतं चांगलं. पायाखालचा बर्फ धरेल का ते बघतायत."

"यिशुनमध्ये?"

"तेच मी वीस वर्षं विचारतेय," काकू म्हणाल्या आणि अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली.

दोन हजार चार ते सहा, अशी दोन वर्षं मी या नवराबायकोच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत भाडेकरू होते. तिथल्या एका विद्यापीठात पोस्टडॉक करत होते. माशांच्या कानात इवलीशी हाडं असतात, त्यांवर झाडासारखी वर्षावर्षाची वलयं उमटतात. ती मोजून माशाचं वय सांगायचं, हे माझं काम. जिवंत मासा मी क्वचितच पाहिलेला. माझे मासे बरणीतून यायचे आणि बरणीत जायचे.

काका रेफ्रिजरेशनचे इंजिनिअर. सिंगापूरला यायच्या आधी त्यांनी सहा हिवाळे कॅनडाच्या उत्तरेला, एका मोठ्या तलावाकाठच्या गावात, मासळीच्या कारखान्यात काढले होते. "लोक हसायचे मला," ते सांगायचे. "म्हणायचे, उणे तीसमध्ये फ्रीजवाला कशाला हवा? अगं, तिथेच तर हवा! मासा नुसता बाहेर टाकला तर त्याचा दगड होतो. थंडीसुद्धा बेतानं द्यावी लागते." हे ते मला दर पंधरा दिवसांनी नव्यानं सांगत. मीही नव्यानं हसत असे, कारण काकू पलीकडून ओठांची हालचाल करून तेच वाक्य बिनआवाजी म्हणत असत.

त्या गावातला एक जुना मच्छीमार मित्र अजून त्यांना गावचं साप्ताहिक पोस्टानं पाठवायचा. अंक यायचा तीन-चार आठवड्यांनी. पण काका तो आजचा पेपर असल्यासारखा वाचत. बाहेर बत्तीस डिग्री, पंखा पाचवर, काका बनियनवर, आणि कपाळाला आठ्या. "शाळेजवळच्या रस्त्यावरचा बर्फ अजून काढलेला नाही. काय करते काय यांची नगरपालिका!" काकू म्हणत, "आतापर्यंत वितळला असेल हो." पण नाही. दिवसभर काकांना त्या रस्त्याची काळजी.

हिवाळ्यात तो सगळा तलाव गोठतो. मग लोक बर्फाला भोक पाडून, त्यात गळ सोडून, व्हाइटफिश नावाचा चंदेरी मासा धरतात. काका त्यात पार बुडाले होते. म्हणजे बुडाले नाहीत, म्हणून तर परत आले. घरी पिढ्यान् पिढ्या शाकाहार. ते स्वतः मात्र तिथे मासा धरायचे आणि खायचेही. "उणे तीसला बाकी सगळ्यासारखे नियमही गोठतात," असा त्यांचा खुलासा. सिंगापूरला उतरल्यावर नियम वितळले आणि काका पुन्हा वरणभातावर आले.

पण गळ सुटला नव्हता. रविवारी सकाळी यिशुनजवळच्या जलाशयावर, जिथे मासे धरायला परवानगी आहे तिथे, काका बादली पालथी घालून बसायचे. हातात दीड हाताची काठी. बर्फाच्या भोकावर लांब काठी लागतच नाही, मासा थेट पायाखाली असतो. पण इथे काठावर बसून दीड हाताची काठी म्हणजे गळ पडायचा बुटाजवळ. शेजारी बसणाऱ्या चिनी अंकलची काठी चांगली दोन माणसं उंच. तो दर रविवारी हळहळायचा, "अंकल, युवर रॉड सो शॉर्ट, हाऊ टु कॅच लाह?"

काका गंभीरपणे म्हणायचे, "माय फिश इज डाऊन. युवर फिश इज इन मलेशिया."

दोन वर्षांत काकांना तिथे एकही मासा मिळाला नाही.

आता माझी गोष्ट. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला माझं पोस्टडॉक संपत आलं. तीन ठिकाणांहून नकार आले होते. सिंगापूरला राहायचा पास संपला की पुण्याला जाऊन आईबाबांसमोर "नाही जमलं" म्हणायचं, एवढंच उरलं होतं. अशात एका सकाळी काकांनी साप्ताहिकाचं आतलं पान माझ्या चहाशेजारी ठेवलं आणि एका जाहिरातीवर बोट आपटलं. तलावातल्या व्हाइटफिशची हिवाळी पाहणी, मासे धरणं, कानातल्या हाडांवरून वय ठरवणं, जानेवारीपासून. "ही हाडं तुझीच ना?" काका म्हणाले.

अर्ज केला. मुलाखत फोनवर, सकाळी सात वाजता, हॉलमधल्या फोनवरून. हाडांबद्दल मी धडाधड बोलले. मग पलीकडच्या बाईंनी विचारलं, "बर्फावर काम केलं आहे का?"

"हो," मी म्हणाले. "बऱ्यापैकी."

कसं निघून गेलं तोंडातून, देव जाणे. बर्फ मी पाहिला होता, काकूंच्या फ्रीजमध्ये. पण नोकरी मिळाली! फोन ठेवून मी उडीच मारली आणि वळले, तर काका खुर्चीत. पेपरची घडी घातली, छत्री उचलली आणि बाहेर पडले. कॉरिडॉरमधून ठोके लांब जात राहिले.

रात्री जेवताना बोलले. "तलावाला तुझा बायोडेटा वाचता येत नाही."

मी भात कालवत राहिले.

"कागदावरचं खोटं असतं तर मी तोंड उघडलं नसतं. पण बर्फावर माणसं एकमेकांच्या शब्दावर पाय टाकतात. तू म्हणालीस 'इथे धरेल', की दुसरा तिथे जाऊन उभा राहतो. कळतंय का?"

"अहो, जेवू द्या तिला," काकू म्हणाल्या.

"जेवू दे की. अकरा आठवडे आहेत. जे बोललीस ते खरं करू. पण दोन अटी. तिथे बर्फावर पहिलं पाऊल टाकायच्या आधी खरं काय ते सांगायचं. आणि माझं नाव काढायचं नाही. वशिल्याची माणसं मला चालत नाहीत."

"काका, सांगितलं तर मला परत पाठवतील."

"पाठवतील कदाचित."

"मग शिकायचं कशाला?"

"परत आलीस तरी शिकलेली येशील," काका म्हणाले आणि ताक मागितलं.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस यार्डमध्ये एक भलामोठा आडवा फ्रीजर आला. एक फिशबॉलचा स्टॉल बंद होत होता, त्याच्याकडून काकांनी उचलून आणलेला. त्यात त्यांनी बाजारातला मासळीचा जाड थर्माकोलचा खोका ठेवला आणि पाण्यानं भरला. "नुसता डबा ठेवला तर चारी बाजूंनी गोठतो. तो बर्फाचा खडा झाला. तलाव वरून गोठतो, खाली पाणी जिवंत राहतं." खोक्याच्या बाजू आणि तळ जाड असल्यामुळे थंडी फक्त वरून शिरायची. पाचव्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा वर वीतभर बर्फ होता आणि खाली पाणी हलत होतं. सहा हिवाळ्यांचा तलाव काकांनी दोन हात लांबीच्या खोक्यात उतरवला होता. मी हसणार होते, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि नुसता बर्फाला हात लावला.

माळ्यावरून काकूंच्या जुन्या साडीत गुंडाळलेलं गिरमीट निघालं. बर्फाला भोक पाडायचं, माझ्या छातीइतकं उंच. आधी पहारीनं दोन ठोके. मग गिरमीट. पहिल्याच दिवशी मी जोर लावून बर्फाखालचं पाणी आणि थर्माकोल दोन्ही पार केलं, आणि काकूंचे मटारचे पुडे पाण्यात तरंगू लागले. "बर्फ संपला हे हाताला कळलं पाहिजे," काका म्हणाले. "मटार संपले हे मला कळलं," काकू म्हणाल्या. काकांनी नवा खोका आणला आणि आम्ही पुन्हा पाच दिवस थांबलो.

भोकात बर्फाचा चुरा साचतो, तो सतत काढावा लागतो, नाहीतर भोक पुन्हा मिटतं. त्यासाठी काका जे हत्यार वापरत ते पाहून काकूंनी कपाळावर हात मारला. त्यांचा पुऱ्यांचा झारा! "माहेरचा आहे तो!" म्हणून ओरडल्या. पण त्याहून चांगली वस्तू जगात नाही, हे आम्हा दोघांनाही पटलेलं होतं. झारा तलावाला गेला आणि काकूंनी पुऱ्या बंद केल्या.

मग शेवटची पायरी. भोक साफ झालं की काका ओंजळीत पाणी घेऊन भोकाभोवती उजवीकडून गोल फिरवत. "काठ गुळगुळीत गोठतो, दोरा कापला जात नाही." मग माशांना बोलावायला शिजवलेले बार्लीचे दाणे पाण्यात सोडायचे, पण त्याआधी तीन दाणे भोकाच्या उजव्या अंगाला बर्फावर ठेवायचे. "हे कशाला?" मी विचारलं. "पद्धत आहे तिथली." एवढंच. एकदा मी ते तीन दाणे विसरले तर काकांनी गळ सोडू दिला नाही. मी वहीत लिहून ठेवलं: पाणी गोल, तीन दाणे उजवीकडे.

आणि मासा? मासा काकू झाल्या. डायनिंग टेबलच्या फळीला काकांनी सरळ भोक पाडलं. मी टेबलावर स्टूल ठेवून त्यावर बसायचे, दोरा भोकातून खाली. टेबलाखाली चादरीआड पाटावर काकू, एका हातात वाचनालयाचं पुस्तक, दुसऱ्या हातात दोऱ्याचं टोक. व्हाइटफिश ओढत नाही, हे काकांनी मला पन्नासदा सांगितलं. तो दाणा तोंडात घेतो आणि किंचित वर येतो. म्हणजे दोरा ताणला जात नाही, सैल पडतो. नवशिक्याला वाटतं, काही नाही. तेव्हाच मासा लागलेला असतो. आणि त्याचे ओठ इतके नाजूक, की हिसका दिला तर फाटतात. "झोपलेलं मूल पाळण्यातून उचलतात, तसं उचलायचं."

मी द्यायचे हिसका. दोरा तुटायचा. टेबलाखालून आवाज यायचा, "गेला. ओठ फाटला माझा."

"काकू, तुम्ही पान उलटताना दोरा हलला!"

"मासा काय तुला सांगून येणार आहे?" काकू म्हणायच्या आणि पुढचं पान वाचायच्या. त्या संध्याकाळी आठवल्या की आजही मी एकटी हसते.

बर्फ फुटून माणूस पाण्यात पडला तर काय, हाही धडा झाला, यिशुनच्या जलतरण तलावात. काकांनी दोन स्क्रूड्रायव्हर दोरीनं बांधून माझ्या गळ्यात अडकवले होते, बर्फात रोवून वर सरकायला. पाण्यात मी, काठावर काका, पँट-शर्ट आणि छत्रीसकट. "पाय मार! आडवी हो! उभी राहू नकोस, लोळत ये! आणि ज्या बाजूनं आलीस त्याच बाजूनं बाहेर! तिथल्या बर्फानं तुला एकदा पेललंय!" जीवरक्षकानं शिट्टी फुंकली. "अंकल, कान्नॉट लाह! सिस्टर, यू ओके ऑर नॉट?" मी ओके होते. आयुष्यात माझ्या जगण्याची इतकी तपशीलवार काळजी दुसऱ्या कुणी केली नव्हती.

निघायच्या दिवशी काकूंनी साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली वस्तू माझ्या बॅगेत कोंबली. झारा. "पुऱ्या काय, चमच्यानंही तळता येतात," म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. काका विमानतळावर एवढंच म्हणाले, "आधी सांग, मग पाऊल."

सोपं वाटलं होतं ऐकताना. मी शुक्रवारी पोचले आणि सोमवारी बर्फावर जायचं होतं. मधल्या तीन दिवसांत फोनवरच्या त्या बाईंनी, म्हणजे माझ्या साहेबीणबाईंनी, मला जेवायला नेलं, बूट दिले, कोट दिला. प्रत्येक वेळी म्हटलं, आता सांगते. प्रत्येक वेळी गिळलं. सोमवारी सकाळी आम्ही तिघं तलावाच्या काठावर. बाई, मी आणि सामानाची घसरगाडी ओढणारा एक म्हातारा मच्छीमार. उणे अठ्ठावीस. पापण्या चिकटत होत्या. समोर पांढरं, पार आभाळापर्यंत. बाई पुढे झाल्या. मीही पाय उचलला.

उचललेला पाय तसाच मागे ठेवला.

"मी खोटं बोलले होते," मी म्हणाले. "मी बर्फावर कधीच उभी राहिलेली नाही."

बाई वळल्या. "मग परवा जेवताना दिलीस ती सगळी उत्तरं? बर्फाची जाडी, गिरमीट?"

"ते शिकले. सिंगापूरला. घरमालकांच्या फ्रीजरमध्ये."

म्हातारा हातमोज्यात खोकला. बाई हसल्या नाहीत. "आज काय करतेस ते बघते," म्हणाल्या. "परतीचं तिकीट काढायचं का, ते संध्याकाळी ठरवू."

मी पहार उचलली. दोन ठोके, मग पाऊल. पन्नास फुटांवरून एक ट्रक त्याच बर्फावरून आरामात गेला, तरी मी ठोकत राहिले. लाजेनं कान तापले होते. नंतर गिरमीट. बर्फ संपला हे हाताला कळलं. मग मी पिशवीतून काकूंचा झारा काढला आणि चुरा उपसला. ओंजळभर पाणी गोल फिरवलं. तीन दाणे उजवीकडे ठेवले आणि गळ सोडला.

म्हातारा जवळ येऊन उभा राहिला. "हे काय केलंस?"

"तुमची इथली पद्धत," मी म्हणाले. "चुकलं का?"

तो आपल्या भोकाकडे गेला, गुडघे टेकले, डबीनं पाणी घेतलं आणि भोकाभोवती गोल फिरवलं. उजव्या अंगाला तीन दाणे ठेवले. मग म्हणाला, "इथली नाही. आम्हाला एका फ्रीजवाल्यानं शिकवली. हे काय करतोस विचारलं, तर म्हणाला, आमच्या घरी जेवायला बसण्याआधी करतात, देणाऱ्याची आठवण म्हणून. त्या हिवाळ्यात मासा भरपूर लागला. तेव्हापासून आम्ही सगळेच करतो."

आणि माझ्या डोळ्यांसमोर आजोबांचं ताट आलं. ताटाभोवती फिरवलेलं पाणी, उजवीकडे भाताच्या चिमुकल्या राशी. चित्राहुती! अकरा आठवडे नाकासमोर होती आणि मी ती कॅनडाची समजून वहीत उतरवली होती.

"अजून ठोकत चालतो का तो?" म्हाताऱ्यानं विचारलं.

मी नाव काढलं नव्हतं, अट मोडली नव्हती. "छत्रीनं," मी म्हणाले, आणि तिथेच रडले. अश्रू गालावर गोठतात हे काकांनी शिकवलं नव्हतं.

बाईंनी गळाकडे बोट दाखवलं. दोरा सैल पडला होता. काही नाही, असं वाटावं इतका सैल. मी उचलला, हळू, काकू खाली पाटावर बसल्या आहेत असं समजून. भोकातून चंदेरी डोकं वर आलं. ओठ शाबूत होते.

संध्याकाळी बाई म्हणाल्या, "उद्या सात वाजता." तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

घरी फोन केला तेव्हा काकांनी मासा मिळाला का हे विचारलंच नाही. "आधी?" म्हणाले. "आधी," मी म्हणाले. "बरं," म्हणून फोन काकूंना दिला.

चार आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. "अगं ऐक, इकडे बातमी आली आहे. तलावाच्या पाहणीला नवी मुलगी आली म्हणे. भारतातून, सिंगापूरमार्गे."

"काका, ती मीच."

"गप्प बस, वाचू दे. 'बर्फावरचं काम कुठे शिकलात असं विचारलं असता…'" इथे थांबले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच थांबले. मग काकूंनी पेपर घेतलेला ऐकू आला. त्यांनी उरलेलं वाचलं. शिकवलं ते यिशुनच्या एका घरमालकांनी, आणि तलावावरच्या जुन्या मंडळींनी त्यांना नमस्कार सांगितला आहे. मागून छत्रीचे ठोके येत होते, लांब जाणारे. "पेपर हिसकावून खाली निघाले बघ," काकू म्हणाल्या. "त्या लांब काठीवाल्या अंकलला दाखवायला."

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. काकू अजून फोनवर विचारतात, झारा गंजला नाही ना. मी इथेच राहिले. माझं जे काही बरं झालं, ते त्या फ्रीजरमधून आणि त्या टेबलाखालून आलं आहे. हे मी काकांना जिवंतपणी सांगितलं होतं, त्यावर ते म्हणाले होते, "ताक आण."

दर हिवाळ्यात पहिलं भोक पाडलं की मी पाणी गोल फिरवते आणि उजवीकडे तीन दाणे ठेवते. हाताखाली आलेले नवे लोक विचारतात, ही कुठली पद्धत. मी सांगते, यिशुनची.